मजलांचा शनिवार

लोणावळ्यात रेल्वेच्या चाळी संपल्या की खंडाळ्याच्या अंगाला एक बैठं कौलारू घर होतं. त्याच्या दाराच्या उजव्या खांबावर बोटभर लांबीची पितळी नळी तिरकी ठोकलेली होती. घरातलं माणूस आत-बाहेर करताना त्या नळीला बोटं लावी आणि ती बोटं ओठांना टेकवी. हे घर हसकेल मास्तरांचं. हसकेल रोह्याकडचे, बेने इस्राएल. गावातल्या मराठी शाळेत ते तिसरीचा वर्ग शिकवीत.

शाळेचा शिपाई महिपती त्यांच्याकडे हजेरीपट न्यायला आला, की नळीकडे बघून हटकून म्हणे, "मास्तर, तुमचा द्येव लय ल्हान हाय बगा. नळीत मावतोय."

"देव नाही रे आत. त्याची आज्ञा आहे, कातड्यावर लिहिलेली."

"म्हंजी घरचा अभ्यास."

"बरोबर. घरचा अभ्यास."

महिपती खूश होई. मास्तरांच्या तोंडून 'बरोबर' ऐकायला मिळणं ही शाळेत मोठी गोष्ट होती.

मास्तर शनिवारी काम करीत नसत. शाळेला तर शनिवारची सकाळ असे. हेडमास्तरांनी यावर तोड काढली होती. शनिवारी तिसरीचा वर्ग दुसऱ्याने सांभाळायचा, आणि त्याबदली मागे पडलेल्या पोरांना मास्तरांनी रोज संध्याकाळी घेऊन बसायचं. मास्तरांना यात तोटा वाटला नाही. मागे पडलेल्यांशीच त्यांचं जमे. शाळेची सहल बेडशाच्या लेण्यांना निघाली, की बाकीचे शिक्षक पुढे असत आणि हसकेल मास्तर सगळ्यांच्या मागे, एखाद्या लंगडणाऱ्या पोराचा हात धरून. कुणी विचारलं तर म्हणत, "मागे राहिलं म्हणजे कुणी सुटत नाही."

ते पहिल्यांदा लोणावळ्याला आले तेव्हा रेल्वेत त्यांच्या समाजाची बरीच घरं होती. कुणी इंजिनावर, कुणी स्टोअरात, कुणी तिकिटाच्या खिडकीत. शनिवारी दुपारी त्या घरांतली मुलं मास्तरांकडे तोरा शिकायला येत. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. त्यांचे भाग पाडलेले असतात आणि दर शनिवारी एक भाग, असं वर्षात सगळं वाचून पुरं करायचं. जगात जिथे जिथे इस्राएल माणूस आहे तिथे तिथे त्या शनिवारी तोच भाग वाचला जातो. मुंबईत वाचतात, बगदादेत वाचतात आणि लोणावळ्याच्या कौलारू घरातही तोच वाचतात, हे मुलांना सांगताना मास्तरांचा आवाज जरा हळू होई.

शिकवायच्या आधी ते जी तयारी करीत, ती त्यांच्या बायकोला, मिल्काबाईंना, पाठ झाली होती. येणाऱ्या शनिवारचा भाग आठवडाभर चाले. दोनदा हिब्रूत, मग एकदा मराठीत, मोठ्याने. एवढं पुष्कळांच्या घरी होतं. मास्तरांची चौथी खेप मात्र त्यांची स्वतःची होती. शुक्रवारी दुपारी ते आपलं स्टूल सोडून पोरांच्या चटईवर जाऊन बसत आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत सगळा भाग मनात ऐकत. पोर कुठे अडेल, कुठे कंटाळेल, काय विचारील, हे चटईवरूनच कळतं, असं त्यांचं म्हणणं.

हे त्यांना लहानपणी रोह्याच्या हज्जानांनी शिकवलं होतं. हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारे. ते सांगत, की देवाने आपली शिकवण माणसाला द्यायच्या आधी चार वेळा स्वतःशी घोळवली, आणि मगच तोंड उघडलं. त्याला काय गरज होती? पण ऐकणाऱ्याचा मान म्हणून. ते आणखीही एक सांगत. एका मोठ्या विद्वानाला भर सभेत तोरा वाचायला बोलावलं, तर तो जागचा उठला नाही. शिष्य कुजबुजले. तो म्हणाला, मी हा भाग आज घोळवलेला नाही, आणि घोळवल्यावाचून लोकांपुढे उभा राहणार नाही.

हसकेल मास्तरांनी ही गोष्ट लहानपणी गिळली ती कायमची.

हळूहळू रेल्वेतल्या बदल्या झाल्या. घाटात विजेची इंजिनं आली, वाफेच्या इंजिनांवरची माणसं दौंडला, भुसावळला, झाशीला गेली. मुलं कमी होत होत चटईवर एकच उरली. रिवका. ड्रायव्हर दाऊदजींची मुलगी.

मुलीला सभेत तोरा वाचायला कधी कुणी बोलावणार नव्हतं. मिल्काबाई एकदा म्हणाल्याही, "अहो, एवढं सगळं तिला कशाला? प्रार्थना आल्या, सण कळले, पुरे झालं."

"ती विचारते," मास्तर म्हणाले. त्यांच्या लेखी प्रश्न तिथेच मिटला.

रिवका विचारायची खरीच. पण सगळ्या भागांत तिचा लाडका एकच होता. मास्तर त्याला मजलांचा भाग म्हणत. इस्राएल लोक मिसरातून निघाले, ते कुठून उठले आणि कुठे तळ दिला, याची त्यात नुसती नावं आहेत. अमक्याहून निघाले, तमक्याला उतरले. तमक्याहून निघाले, फलाण्याला उतरले. बाकीच्या पोरांना तो भाग म्हणजे शिक्षा. रिवका मात्र ड्रायव्हरची पोर. ती डोळे मिटून, डोलत, ठेक्यात म्हणायची आणि प्रत्येक तळाला तोंडाने शिट्टी द्यायची.

"मास्तर, इथे गाडी किती वेळ थांबली?"

"लिहिलेलं नाही."

"मग पाणी कुठे भरलं?"

"ते सांगतो," मास्तर म्हणत. कारण हा प्रश्न त्यांनी शुक्रवारी चटईवर बसून आधीच ऐकलेला असे.

मग एका उन्हाळ्यात दाऊदजींचीही बदली झाली, दौंडला. रिवका तेव्हा चौदाची होती. निघताना तिने दारावरच्या नळीला बोटं लावली आणि म्हणाली, "मास्तर, शनिवारी तुम्ही जे वाचाल तेच मी तिथे वाचीन."

"तेच असणार. दुसरं कसं असेल?"

ती गेली, आणि मास्तरांनी पुढच्या शुक्रवारी चटई अंथरली. दोनदा हिब्रूत, एकदा मराठीत, चौथ्यांदा चटईवर. शनिवारी जेवण झाल्यावर ते स्टुलावर बसले. समोर कुणी नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ खिडकीतून रुळांकडे बघत बसले.

पुढे वर्षं गेली, तरी हे चुकलं नाही. महिपतीने एकदा चटई अंथरलेली पाहिली.

"मास्तर, तीच पाच बुकं. जल्मभर शिकवताय. आता पाट झाली नसतील व्हय? तयारी कसली? अन् कुनासाटी?"

"आलीच कधी तर?"

"दौंडावरनं?"

"गाडी आहे की."

महिपती हसला, पण घरी जाताना बायकोला म्हणाला म्हणे, की मास्तराला त्या पोरीनं लय जीव लावलाय.

मास्तरांना मूलबाळ नव्हतं, हे खरं. पण त्यांची ओढ नुसती लेकीची नव्हती. तयार केलेला धडा मनात राहिला की तो जड होतो. दर शनिवारी एक धडा आत साठत होता. फक्त एक गोष्ट त्यांना धीर देई. संध्याकाळी भाग संपवून पुस्तकात खुणेची फीत ठेवताना ते मनात म्हणत, आज तिनेही इथेच फीत ठेवली असेल. तेवढ्यापुरतं दौंड जवळ येई.

लढाईची वर्षं आली. मुंबईहून दरसाल छापील पंचांग येई, कोणत्या शनिवारी कोणता भाग ते त्यात असे. काही भाग काही वर्षी दोन-दोन जोडून एकाच शनिवारी वाचावे लागतात, तेही त्यात असे. एका वर्षी कागदाच्या टंचाईने पंचांग आलंच नाही. घरात कामाची वाटणी पूर्वीपासून ठरलेली होती. सण आणि रोजे, म्हणजे उपास, मिल्काबाईंच्या बोटांवर. वाचनाचे भाग मास्तरांच्या भिंतीवर. आता भिंत मोकळी होती. मास्तर म्हणाले, "इतकी वर्षं झाली, आठवणीने मोजीन." आणि मोजूही लागले.

त्याच पावसाळ्यात रेल्वेतला नूरमहंमद सांधेवाला भिजत दारात आला.

"मास्तर, दौंडच्या गार्डानं निरोप धाडलाय. दाऊद डायव्हरची लेक येतीय. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं."

मास्तर उठून उभे राहिले. "रिवका?"

"नाव न्हाई बा म्हाईत. लगीन झालंय म्हनं. दादला कराचीला हाय, तिकडं निघालीय. शनवार तुमच्याकडं धरनार, अन् रव्वारी तिचा बाप गाडीतनं सामान घेऊन यील, त्याच गाडीत चढनार."

"शनिवार इथे धरणार?"

"आसंच म्हनला. मास्तर, बसा की, हुबं का ऱ्हायलाय?"

त्या शनिवारी, मास्तरांच्या मोजणीने, मजलांचा भाग येत होता. आदल्या शनिवारी त्यांनी त्याच्या अलीकडचा, नवसांचा भाग पुरा केला होता. म्हणजे रिवका येणार ती बरोबर तिच्या भागाला. मास्तरांना ही देवाची दया वाटली. तो आठवडा त्यांनी शाळेत कसा काढला, त्यांचं त्यांना ठाऊक. त्या एका भागावर ते इतके बसले, की मिल्काबाई डाळ निवडता निवडता तळांची नावं पुटपुटू लागल्या. चौथ्या खेपेला मास्तर चटईवर बसले आणि आता तेवीस वर्षांची झालेली रिवका काय विचारील, हे ऐकायचा प्रयत्न करू लागले. ते काही ऐकू येईना. त्यांना सारखी शिट्टीच ऐकू येई.

शुक्रवारी ती आली. उंच झाली होती, चष्मा लागला होता. दारात तिने नळीला बोटं लावली आणि ओठांना टेकवली, तेव्हा मिल्काबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"काकी, मी आले तर रडता काय?"

"तू किती वाळलीस गं! दौंडला खायला घालत नाहीत का?"

"घालतात की. तिथली पोरं खायला उठतात मला. शनिवारी घरात सात-आठ येऊन बसतात."

"शिकवतेस?" मास्तरांनी विचारलं.

"हो. तयारी करून," रिवका म्हणाली. मास्तरांनी पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुपारभर ती मिल्काबाईंना हाताशी होती. दोघींनी मिळून सुपात काहीतरी निवडलं, हसल्या, गावातल्या माणसांची चौकशी झाली. सूर्य मावळायच्या आत मिल्काबाईंनी पाण्यावर तेल सोडलेल्या काचेच्या पेल्यात वात लावली आणि सांजेपासूनच धरायचा तो शनिवार घरात आला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. रिवका चटई अंथरत होती. मास्तर पाणी प्यायला आत गेले. माठाशेजारी सूप होतं. सुपात निवडलेले वाल.

"हे वाल कशाला काढलेत?" त्यांनी मिल्काबाईंना सहज विचारलं.

"कशाला म्हणजे? मंगळवारी बिरड्याचा रोजा नाही का? शनिवार उतरला की भिजत घालीन."

बिरड्याचा रोजा म्हणजे देवाचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाचा उपास. बेने इस्राएलांत तो वालाच्या बिरड्यावर सोडतात, म्हणून हे नाव.

"मंगळवारी? नक्की?"

"शेजारी दिव्यांची अवस झाली, तिथपासून मोजलेत. माझं चुकत नाही."

मास्तरांचा हात तांब्यावरच राहिला. त्या रोज्याच्या अलीकडच्या शनिवारी मजलांचा भाग कधीच नसतो. दरसाल तिथे पुढच्या पुस्तकाची सुरुवात असते, मोशेच्या निरोपाच्या भाषणाची. नवसांचा भाग आणि मजलांचा भाग या वर्षी जोडून होते. ते दोन्ही मागच्याच शनिवारी संपले होते. मुंबईत संपले, बगदादेत संपले, दौंडलाही संपले. एकटे तेच मागे राहिले होते.

चुकीपेक्षा एक वेगळंच त्यांना लागलं. मागच्या शनिवारी फीत ठेवताना ते मनात म्हणाले होते, आज तिनेही इथेच ठेवली असेल. ती तिथे नव्हती. ती सगळ्या मजला संपवून पुढे गेली होती.

बाहेर रिवका चटईवर बसली होती, मांडी घालून, पूर्वीसारखी. मास्तर स्टुलावर बसले. पुस्तक उघडलं. फीत मजलांच्या भागात. क्षणभर त्यांना वाटलं, हेच शिकवावं. ती काही बोलणार नाही. नाहीतर चार पानं उलटून मोशेचं भाषण घ्यावं, जन्मभर शिकवलेलं आहे, पोट भरून सांगता येईल. कुणाला कळणार? जिच्यासाठी इतके शनिवार चटई अंथरली, ती समोर बसली होती, आणि उद्या ती कराचीच्या वाटेला लागणार होती.

त्यांनी पुस्तक मिटलं.

"रिवका, आजच्या भागाची माझी तयारी नाही."

तिने मान वर केली.

"मी चुकीचा भाग तयार केला. पंचांग नव्हतं, हे कारण झालं. दोन भाग जोडायचे विसरलो, हे खरं. आज तुला शिकवायला मी बसू नये."

"मला काल कळलं," रिवका हलकेच म्हणाली. "वाल निवडले, आणि मग पुस्तकातली फीत दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिकवलं असतं तर ऐकलं असतं. मजलांचा भाग मला पुन्हा ऐकायचाच होता."

"तुझ्या वर्गात एखाद्याने चुकीचा धडा करून आणला, तर असंच ऐकशील?"

"नाही," ती हसली. "त्याला चटईवर बसवीन आणि बरोबरचा ऐकवीन."

मिल्काबाई आतून म्हणाल्या, "मग बसव की. कधीचे रिकाम्या स्टुलाकडे बघत बसतात त्या चटईवर. आज कुणीतरी बसू दे स्टुलावर."

मास्तर उठले. गुडघे धरत चटईवर बसले. रिवका स्टुलाच्या कडेला टेकली, पुस्तक हातात घेतलं आणि फीत जिथे होती तिथेच राहू देऊन पुढची पानं उलटली.

तिने वाचलं. चाल मास्तरांचीच होती, रोह्याची. मग तिने मराठीत सांगितलं. चाळीस वर्षं चालून लोक नदीकाठी आले. पलीकडे देवाने कबूल केलेला देश. मोशेने सगळ्यांना गोळा केलं आणि जे जे झालं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्यांच्याबरोबर तो स्वतः मात्र पलीकडे जाणार नव्हता. तिथे रिवका जरा थांबली.

चटईवरून मास्तरांनी विचारलं, "पण हे सगळं तर आधी सांगून झालं होतं. परत का सांगितलं?"

रिवकाने चष्मा सारखा केला. हा प्रश्न तिने आधीच धरलेला होता, हे मास्तरांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"पुढे वाटेत कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला तो जवळ नसणार होता. म्हणून."

"बरोबर," मास्तर म्हणाले.

खूप वेळ ती वाचत राहिली. कौलांवर पाऊस लागला होता, आणि मास्तर एखाद्या तिसरीतल्या पोरासारखे हनुवटीला हात लावून ऐकत होते. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण दर शनिवारी चटईवर तिची वाट पाहतो. आता ती आली होती, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं आत हलतच होतं. मजलांचा भाग तसाच भरलेला होता, न उतरवलेला.

रविवारी मास्तर तिला स्टेशनावर पोचवायला गेले. धुकं इतकं, की सिग्नलचा हात दिसेना. गाडी आली. दाऊदजी सामानाच्या गराड्यातून हात जोडून "मास्तर, बरे आहात ना?" म्हणाले. पलीकडून नूरमहंमद ओरडला, "घाट उतरायचाय, बिरेक तपासत्यात. टाइम हाय!"

रिवका खिडकीशी बसली आणि म्हणाली, "मास्तर, मागच्या आठवड्याचं राहिलंय."

"काय राहिलं?"

"मजलांचा भाग. मी दौंडला वाचला, पण तुमच्याकडून झाला नाही. तुमची तर तयारी आहे."

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. फलाटावर चहावाले, शिपाईगडी, ट्रंका. त्यांनी खिडकीचा गज धरला आणि सुरू केलं. अमक्याहून निघाले, तमक्याला उतरले. पुस्तक नव्हतं, गरजही नव्हती. रिवका डोळे मिटून डोलू लागली. प्रत्येक तळाला तिने ओठांनी हळूच शिट्टी दिली, तेव्हा समोरच्या बाकावरची एक बाई तिच्याकडे बघतच राहिली. मास्तर मधेमधे थांबून सांगत होते, इथे पाणी कडू होतं, इथे खजुरीची झाडं होती, इथे लोक कुरकुरले. कित्येक वर्षांचं जड काहीतरी उतरत होतं.

अर्धं झालं आणि खरी शिट्टी वाजली.

गाडी हलली. मास्तर गजाला हात लावून चालू लागले, पण पाच-सहा पावलांत तो सुटला. रिवका खिडकीतून डोकं काढून काहीतरी म्हणत होती. मग धुक्यात डबे गेले, आणि पाठोपाठ आवाजही.

मास्तर घरी निघाले. वाटेत महिपती भेटला. तो काहीतरी विचारणार होता, पण मास्तरांचे ओठ हलताना पाहून बाजूला झाला. अमक्याहून निघाले, तमक्याला उतरले. पोरगी पुढे होती आणि ते मागून येत होते.

घरी मिल्काबाई भिजलेले वाल मोड यायला फडक्यात बांधत होत्या.

"गेली का गाडी?"

"गाडी गेली. थोड्या मजला राहिल्या."

"मग ही टोकं धरा, आणि म्हणा मोठ्याने. मलाही ऐकू दे."

मास्तरांनी फडक्याची दोन टोकं धरली. मिल्काबाईंनी गाठ आवळली. नदीकाठचा शेवटचा तळ येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.